गॅलरीतल्या फिल्मला सुरुवात कुठून धरायची?

कार्बनची_कांडी
रविवार, रात्री १०.१५

रामराम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाचं एक जुनं गोदाम आहे, तिथं आता चित्रांची गॅलरी झालीय. माझी पुतणी आर्ट कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "काका, तिथं फिल्म इन्स्टॉलेशन लागलंय. खऱ्या फिल्मवर आहे, मशीनपण खरं आहे. तुम्ही बघाच." मशीन म्हटल्यावर मी गेलो. १९८१ ते २००९ मी इथल्याच एका टॉकीजात ऑपरेटर होतो. आधी कार्बनच्या कांड्यांच्या दिव्यावर, नंतर झेनॉन लँप आला त्यावर. टॉकीज बंद झालं त्या रात्रीचा शेवटचा खेळ मीच चालवला.

आत गेलो तर अंधार आणि तीन पडदे. एका भिंतीवर गुऱ्हाळातली काहील, म्हणजे मोठी कढई, रस उकळतोय. समोरच्या भिंतीवर चुलवाणाचं तोंड आणि त्यात चिपाड सारणारे हात. माणूस दिसत नाही, कोपरापर्यंत हातच. तिसरा पडदा लहान, मधोमध तारेनं टांगलेला, आणि त्यावर नुसती वाफ. पहिले दोन डिजिटल प्रोजेक्टरवर. वाफ मात्र १६ एमएम फिल्मवर, आणि ते मशीन खोलीच्या मधोमध, कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवलेलं. मध्ये भिंत नाही, काच नाही. हात लांब केला तर फिल्मला लागेल.

पडदे मी आधी बघितलेच नाहीत. पंधरा मिनिटं मशीन बघत उभा होतो.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. आमच्या धंद्यात मशीन दिसता कामा नये, हा पहिला नियम. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची, म्हणून केबिनची भिंत जाड, दार लोखंडी, झोत जायच्या भोकांना लोखंडी झडपा. नायट्रेट गेली तरी केबिन तशाच राहिल्या. मशीनचा आवाज बाल्कनीत गेला की मॅनेजर वर यायचा. रीळ साधारण २००० फुटांचं, २२ मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका उमटतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा चेंजओव्हर, म्हणजे पहिलं मशीन झाकून दुसऱ्यावर जायचं. तो इतका सफाईनं व्हायला हवा की खाली बसलेल्या हजार माणसांना रीळ बदललं हे कळूच नये. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. आणि इथं मशीन मधोमध, त्याचा टर्रर्र आवाज हाच खोलीतला एकमेव आवाज, आणि लोक त्याच्याभोवती फिरतायत. झोत मी जन्मभर पाठीमागून पाहिला होता, भोकातून. इथं तो पहिल्यांदा बाजूनं दिसला. कुणी दार उघडलं की धूळ उडायची आणि झोत ठळक व्हायचा.

आता मुद्द्यावर येतो. फिल्म लूपवर आहे, म्हणजे शेपूट डोक्याला जोडलेलं. कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे वाफेकडं बघून कळायला मार्ग नाही. पण फिल्म जोडलेली असली की जोड गेटातून, म्हणजे फिल्म लँपसमोरून सरकते त्या खाचेतून, जाताना खट्ट असा बारीक आवाज येतो. बाकी कुणाला ऐकू येत असेल-नसेल, मला आला. घड्याळ लावलं, तर बरोबर ७ मिनिटांनी परत खट्ट. १६ एमएमला फुटात ४० फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. सात मिनिटांचे २५२ फूट. तिथल्या मुलीला विचारलं तर तिनं सांगितलं, वाफ ७ मिनिटांची, काहील ११ मिनिटांची, चुलवाण १६ मिनिटांचं, आणि तिन्ही मुद्दाम एकमेकांशी जुळवलेले नाहीत.

घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागं गणित केलं. तिन्ही पडद्यांची एखादी जुळणी जशीच्या तशी परत यायला १२३२ मिनिटं लागतात. २० तास ३२ मिनिटं. गॅलरी ११ ते ७, म्हणजे ८ तास. सकाळी तिन्ही पहिल्यापासून चालू करत असतील तर रोज त्याच आठ तासांच्या जुळण्या दिसणार. उरलेल्या बारा तासांत जे जमून आलं असतं ते कधीच कुणाला दिसणार नाही. हे मनातून जाईना. मी रात्री साडेबाराच्या खेळालासुद्धा शेवटचं रीळ पूर्ण चालवलेला माणूस आहे, खाली चारच लोक असले तरी.

तर माझा प्रश्न असा. अशा फिल्मला सुरुवात कुठून धरायची? जोड आला तिथून धरू, की मी आत आलो तिथून? आणि उठायचं केव्हा? मी ४० मिनिटं थांबलो, तरी अर्धवट उठून आल्यासारखं वाटतंय. जाणकारांनी नीट सांगावं. मला परत जायचंय.


तैलरंग
रविवार, रात्री ११.४०

काका, मी कला महाविद्यालयात शिकवते. तुम्ही आधी मशीन पाहिलंत, ते अगदी बरोबर केलंत. मशीन उघड्यावर ठेवलंय ते जागा नव्हती म्हणून नव्हे. कलाकाराला ते कामाचाच भाग म्हणून दाखवायचंय.

बाजूनं झोत दिसला असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून एक सांगते. अँथनी मॅकॉल नावाच्या कलाकारानं १९७३ साली १६ एमएमवर एक काम केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, तो हळूहळू वर्तुळ काढत जातो, अर्ध्या तासात वर्तुळ पूर्ण. पण बघायचं वर्तुळ नाहीच. प्रोजेक्टरपासून भिंतीपर्यंत प्रकाशाचा जो शंकू तयार होतो तो बघायचा, त्याच्याभोवती फिरायचं, त्यात हात घालायचा. न्यूयॉर्कमधल्या जुन्या मोठ्या खोल्यांत तो नीट दिसायचा, कारण हवेत धूळ आणि सिगारेटचा धूर होता. स्वच्छ संग्रहालयात तोच शंकू दिसेनासा झाला. आता त्यासाठी धुकं सोडणारं यंत्र लावतात. तुमच्या टॉकीजात विड्यांच्या धुरानं जे फुकटात व्हायचं, तेच.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. चित्रकार नलिनी मलानी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. २०१२ साली जर्मनीत कासेलच्या प्रदर्शनात त्यांनी मायलर या पारदर्शक प्लास्टिकचे रंगवलेले सिलिंडर छताला टांगून फिरत ठेवले आणि त्यांच्यातून व्हिडिओ सोडला. चित्रांच्या सावल्या भिंतींवरून फिरत राहतात. तिथं सुरुवात शोधायला गेलं तर काय धरणार? सिलिंडर फिरतोच आहे.

मुलांना मी टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेते तेव्हा कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रासमोर उभं करते आणि घड्याळ काढून ठेवायला सांगते. चित्र किती मिनिटांचं असं आपण विचारत नाही. गॅलरीतल्या फिल्मला थोडं तसंच वागवून बघा. मात्र तुमचं १२३२ मिनिटांचं गणित मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. ते टाकून देण्यासारखं नाही.


रोखठोक_करवीर
सोमवार, सकाळी ८.०५

काका, तुमच्या भावनांचा आदर आहे. पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार.

मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात आईला घेऊन असंच एक प्रदर्शन बघायला गेलो होतो. आईचं वय ७२, गुडघे दुखतात. आत काळोख, बसायला एक बाक नाही. शेजारच्या दोन खोल्यांतले आवाज तिसऱ्या खोलीत मिसळत होते, त्यामुळं एकही वाक्य धड ऐकू येईना. भिंतीवर पाटी होती, पण फक्त इंग्रजीत, आणि बारीक अक्षरात चार परिच्छेद. आई म्हणाली, "मला काय कळंना बाबा, चल." हे मला लागलं. तिला कळत नाही असं कसं म्हणू? तिनं जन्मभर सिनेमे बघितलेत.

हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढली. १९२५ ला 'सावकारी पाश'. शेतकऱ्याची जमीन सावकार घशात घालतो, ही गोष्ट आजही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आपण त्या परंपरेतली माणसं. सुरुवात कुठं आणि शेवट कुठं हे प्रेक्षकानं शोधत बसायचं असेल तर करणाऱ्यानं काय केलं? हा प्रश्न मी मनापासून विचारतोय. कुणाला खिजवायला नाही.


उलटी_अक्षरं
सोमवार, दुपारी २.३०

वरची चर्चा वाचून एक आठवलं. काका, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

आम्ही मंगळवार पेठेतले. लहानपणी गणपतीत मंडळं गल्लीत पिक्चर लावायची. रस्त्यावर आडवा पांढरा पडदा, भाड्यानं आणलेलं १६ एमएमचं मशीन टेबलावर, आणि ते टेबल माणसांच्या मधोमध. पडद्याच्या पुढची जागा भरली की आम्ही पोरी पाठीमागं जाऊन बसायचो. पडदा पातळ, त्यामुळं चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं, फक्त अक्षरं उलटी. नट डावखुरे व्हायचे. माझ्या मैत्रिणीला खूप दिवस वाटायचं की पाठीमागचा पिक्चर वेगळा असतो.

आणि सुरुवातीपासून कोण बघायचं? कुणी भाकऱ्या उरकून यायचं, कुणी दुसऱ्या गल्लीतला अर्धा बघून इकडं यायचं. एकदा तर इकडं मारामारी चालू होती आणि वाऱ्यावर तिकडच्या गल्लीतलं गाणं ऐकू येत होतं. दोन्ही मिळून जे डोक्यात राहिलं ते कुठल्याच पिक्चरमध्ये नाही. आजपण मारामारीचा तो प्रसंग आठवला की मला गाणंच ऐकू येतं.

रोखठोकदादा, तुमच्या आईंना पण असा पडदा आठवत असेल. विचारून बघा. बाकाचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. खुर्ची नसेल तर म्हातारं माणूस बघणार कसं?


लूपवरचा_माणूस
सोमवार, रात्री ९.२०

प्रदर्शनांत प्रोजेक्टर लावण्याचं काम करतो, म्हणून काकांच्या गणितात एक दुरुस्ती सुचवतो. राग नसावा.

डिजिटल प्लेअर सकाळी चालू केले की पहिल्या फ्रेमपासून सुरू होतात, ते बरोबर. पण १६ एमएमचं मशीन संध्याकाळी बंद केलं की फिल्म जिथं असेल तिथंच थांबते. सकाळी ती तिथूनच पुढं चालते, कुणी मुद्दाम मागं घेत नाही. आठ तासांची ४८० मिनिटं. त्यात ७ मिनिटांचे ६८ फेरे होतात आणि वर ४ मिनिटं उरतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी वाफ चौथ्या मिनिटापासून सुरू, तिसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटापासून, असं सरकत जाणार. शिवाय मोटर काही घड्याळ नाही. तापली की थोडी इकडंतिकडं होते. त्यामुळं रोजचे आठ तास वेगळे. बारा तास वाया जातात ही काळजी सोडा.

दुसरी गोष्ट सांगतो, ती प्रेक्षकांना दिसत नाही. ही मशीनं शाळेत किंवा गल्लीत एखादा खेळ करण्यासाठी बनवलेली, रोज आठ-आठ तास चालवायला नव्हेत. लूपसाठी वर वेगळे रोलर बसवावे लागतात. फिल्मचा ताण जरा वाढला की तिच्या कडेची भोकं फाटतात. धूळ बसते, ओरखडे वाढत जातात. पहिल्या दिवशीची वाफ आणि शेवटच्या दिवशीची वाफ सारखी नसणार. बरेच कलाकार प्रदर्शनाच्या मुदतीसाठी एकापेक्षा जास्त प्रिंट काढून ठेवतात. काही जण मुद्दाम एकच ठेवतात आणि ओरखडे येऊ देतात. इथं कसं आहे ते काका जाऊन विचारतील तर बरं होईल.


कार्बनची_कांडी
बुधवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. उत्तरं पुतणीनं मोठ्या अक्षरात करून दिली, दोनदा वाचली. आज परत जाऊन आलो, आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, घेऊन.

लूपवाले दादा, फिल्म थांबते तिथूनच पुढं चालते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मशीन हाताळलं, पण आम्ही कधी अर्ध्यावर थांबवून घरी गेलोच नाही, म्हणून डोक्यात आलं नाही. तुमचा निरोप वाचून त्या रात्री झोप चांगली लागली. प्रिंट एकच आहे, विचारून आलो. दिवसाला ६८ फेरे धरले तर पंचवीस दिवसांत १७००. आमच्याकडं एखादा पिक्चर रौप्यमहोत्सव करायचा, पंचवीस आठवडे, रोज चार खेळ, म्हणजे ७०० वेळा मशीनमधून जायचा, आणि तेवढ्यात प्रिंटची चाळण व्हायची. ही बिचारी त्याच्या दुपटीहून जास्त जाणार. आजच उजव्या कडेला एक उभा ओरखडा दिसला, रविवारी तो नव्हता. मुलीला सांगितलं की रोज बंद करताना गेट मऊ ब्रशनं साफ कर, धातूचं काही लावू नकोस. तिनं वहीत लिहून घेतलं.

रोखठोकदादा, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. मी गेल्या गेल्या खुर्च्या मागितल्या. दोन मिळाल्या, आणि उद्यापासून तिथंच ठेवतो म्हणालेत. पाटी मराठीत आहे, मोठ्या अक्षरात. आईंना आणा. गोष्टीबद्दल तुम्ही जे म्हणता ते मलाही पटतं, मी गोष्टीवरच जगलो. पण आज काय झालं ते सांगतो.

आमच्या मंडळी पन्हाळा तालुक्यातल्या. माहेरी गुऱ्हाळ होतं, वडील स्वतः गुळव्या. आत आल्यावर त्यांनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. वाफेकडं एकदा बघितलं, चुलवाणाकडं बघून म्हणाल्या, "चिपाड ओलं हाय, धूर बघा की." मग काहिलीसमोर खुर्ची ओढून बसल्या. रस उकळला, मळी वर आली, मळी काढली, फेस पिवळा झाला, बुडबुडे मोठे आणि जड झाले. त्या पुढं सरकल्या. "पाक आला. उतरवा आता." आणि तेवढ्यात पडद्यावर परत कच्चा रस. त्या दचकल्याच. "अवो, उतरवलीच न्हाई की! करपंल." मी सांगितलं, लूप आहे, परत येईल. त्या पुढची ११ मिनिटं बसल्या. परत तिथंच तुटलं. काहील उतरवणं नाही, गार करायच्या वाफ्यात ओतणं नाही, गूळ नाही.

मी म्हटलं, बहुतेक शेवट मुद्दाम ठेवला नसेल. त्या काही बोलल्या नाहीत. उठून भिंतीकडं गेल्या, हात लावला, बोटांचा वास घेतला. मग खाली वाकून फरशी बघितली. गोदामाची फरशी आहे ती, गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागायच्या तिथं अजून काळपट गोल डाग आहेत. रविवारी मी ४० मिनिटं त्या डागांवर उभा होतो आणि मला दिसले नव्हते. त्या म्हणाल्या, "तिथनं पुढचं हितं यायचं की." मग पदरानं हात पुसला आणि म्हणाल्या, "माझं बघून झालं. तुमचं व्हायचं असंल तर बसा, मी भाईर हाय."

बाहेर जाऊन त्या गॅलरीतल्या मुलीशी गुळाबद्दल बोलत बसल्या. भेंडीचं पाणी कशासाठी घालतात, पाक पाण्यात टाकून गोळी कशी बघायची. मुलगी तेही वहीत लिहून घेत होती.

तैलरंगताई, घड्याळ काढून ठेवायला सांगितलंत. मी खिशात ठेवलं होतं, पण कान ऐकतच नाहीत, जोड मोजत राहतात. ते आता जायचं नाही. ती सवय तशीच घेऊन बसलो आणि बघितलं. एकदा चुलवाणात चिपाड सारलं, काहिलीवर फेस फुगला आणि त्याच क्षणी वाफेत खट्ट झालं. तिन्ही एकदम. पुन्हा झालं नाही. मी आत होतो तेवढ्या वेळात तरी नाही.

गल्लीतल्या पडद्याची आठवण काढणाऱ्या ताई, मी असिस्टंट असताना गणपतीत मशीन घेऊन मंगळवार पेठेत येत होतो. पडद्यामागं पोरी बसायच्या हे माहीत होतं. आवाज यायचा.

सात वाजेपर्यंत थांबलो, बंद करताना बघायचं होतं. मुलीनं आधी दोन्ही डिजिटल बंद केले, मग मशीन मला बंद करू दिलं. आधी लँप विझवला, पंखा चालू ठेवला, लँप निवल्यावर पंखा बंद केला. जोड वरच्या शेवटच्या रोलरवर थांबलाय, गेटापासून दोन-तीन हातांवर. उद्या सकाळी ११ ला मशीन चालू झालं की पाचेक सेकंदांत तो गेटातून जाईल. कुणी जाणार असाल तर अकराच्या आधी दारात उभे राहा आणि पडद्याकडं न बघता आधी ऐका.